पदरचं एक वाक्य

भाषेच्या बाईंना शाळेत कुणी घाबरत नसे, आणि बाईंना त्याचं फारसं दुःख नव्हतं. ज्यांना मुलं घाबरतात त्यांना मुलं काही सांगत नाहीत, असं त्यांचं मत होतं. गणिताच्या सरांना हे मत पटत नसे, पण गणिताच्या सरांना दुसऱ्याचं कुठलंच मत पटत नसे.

त्या आठवड्यात मात्र बाईंनाही कुणी काही सांगेना. नववीचा अख्खा वर्ग तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. आठ दिवसांपूर्वी, शाळेपासून दोन गल्ल्या सोडून, बारक्याच्या थोरल्या भावाच्या पोटात भर रस्त्यात कुणीतरी चाकू घातला होता. हे 'कुणीतरी' फक्त पोलिसांपुरतं. बाकी सगळ्यांना तो कोण, कुठल्या गल्लीतला, सगळं ठाऊक होतं. भांडणाचं कारण म्हणाल तर गाडी कुणी कुठे लावायची. भाऊ वाचला. हॉस्पिटलात पडून होता, पोटाला टाके, नाकात नळी.

आणि बारक्या रोज शाळेत येत होता. पाचवीत तो वर्गात सगळ्यात बुटका होता, तेव्हा पडलेलं हे नाव. आता दारातून येताना त्याला मान खाली घालावी लागे, पण नाव काही उंच झालं नाही. तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. भावाचं उट्टं धाकट्यानं काढायचं, हे त्या गल्ल्यांतलं न लिहिलेलं कलम होतं. त्यामुळे सगळी शाळा बारक्याकडे बघत होती, आणि बघत नाही असं दाखवत होती. त्याच्या आईनं त्याचा फोन काढून घेतला होता. ती सकाळी त्याला फाटकापर्यंत सोडायची, मग दिवसभर हॉस्पिटलात बसायची आणि चारला घरी येऊन डबा करायची. तिच्या हातात एवढंच होतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आधी एका पोलीस अधिकाऱ्याला बोलावून पाहिलं. त्यांनी पाऊण तास कायद्याची कलमं सांगितली. मुलं शहाण्यासारखी बसली, शेवटी टाळ्याही वाजवल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मग मोठ्या बाईंनी भाषेच्या बाईंना बोलावलं.

"तुमचं ते दोरीचं घ्या ना नववीला," त्या म्हणाल्या. "आज शेवटचे दोन तास देते तुम्हाला."

"त्यातला एक पीटीच्या सरांचा आहे."

"असू दे. बाहेर धावण्यापेक्षा आज आत बसलेली बरी." मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "काहीतरी होणार आहे, बाई. शिपाईसुद्धा म्हणतोय. तेवढं त्या पोराला अडवा."

दोरीचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. गेली सहा वर्षं बाई नववीला एक गोष्ट लिहायला लावत. गोष्ट एकच, पण ती आठ जणांनी सांगायची. एक सतरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी पाच वाजता पंक्चरच्या दुकानापाशी येतो, तिथे भांडण होतं, त्याला चाकू लागतो, तो मरतो. बिस्किटांच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या असत, आणि प्रत्येक चिठ्ठीत एक माणूस. मेलेला मुलगा, चाकू मारणारा, पळून गेलेला मित्र, पंक्चरवाला, शटर खाली ओढणारा औषधवाला, वरच्या खिडकीतली शिंपीण, जखमीला टेम्पोत घेणारा टेम्पोवाला, आणि मुलाची आई. बत्तीस मुलं, आठ माणसं, म्हणजे एकेक माणूस चौघांच्या वाट्याला. लिहून झालं की कागदाच्या कोपऱ्यात वेळ टाकायची, आणि वर्गात आडव्या बांधलेल्या दोरीवर वेळेच्या क्रमानं कागद चिमट्यांनी अडकवायचे. वाळत घातलेल्या कपड्यांसारखे ते लटकायचे, आणि मुलं खालून फिरत एकमेकांचं वाचायची.

नियम चार होते, आणि त्या बाबतीत बाई कडक होत्या. सुरुवात 'मी'नं करायची. चांगला, वाईट हे शब्द वापरायचे नाहीत. चिठ्ठी बदलून मिळणार नाही. आणि चौथा नियम, जो त्या फळ्यावर लिहून खाली दोनदा रेघ ओढत, तो असा: आपण जिथे उभे आहोत तिथून जेवढं दिसेल तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

"बाई, मग गोष्ट कशी होणार?" पैलवान म्हणाला. पैलवान हा वर्गातला सगळ्यात काडीपैलवान, म्हणून पैलवान. "गोष्टीत थोडं तिखटमीठ लागतंच की."

"लागतं. पण आज अळणी खायचंय," बाई म्हणाल्या.

डबा फिरला. शेवटच्या बाकावर बारक्यानं चिठ्ठी उघडली, वाचली आणि परत घडी घातली.

"बाई, बदलून मिळेल?"

"नाही."

त्यानं वाद घातला नाही. बाईंना वाटलं होतं, त्याला मारणारा आला असेल किंवा मेलेला. त्याच्या चिठ्ठीत 'आई' होतं.

तासभर वर्गात फक्त पेनांचा आवाज होता. बाई बाकांमधून फिरत होत्या. पैलवानाच्या पंक्चरवाल्यानं हातात पाना घेऊन सहा जणांना पळवून लावलं होतं, आणि सातव्याच्या मागे तो पुलापर्यंत धावला होता.

"तू जिथे बसला होतास तिथून तुला काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे, खाली बसलो होतो मी. टबात ट्यूब बुडवून."

"मग?"

पैलवानानं जरा विचार केला. "ट्यूब दिसली. आणि पाय."

"मग पाय लिही."

त्यानं पाय लिहिले. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या चपला, कोण मागे सरकलं, कोण पुढे आलं, आणि शेवटी एकाच्या पायातली चपल निघून टबाच्या कडेला आली. बाईंनी वाचलं आणि पुढे गेल्या. पोरांना आपण काय लिहून गेलो ते कळत नाही, हे बरंच आहे.

पहिला तास संपला तसे कागद दोरीवर चढायला लागले. खाली भिंतीवर बाईंनी खडूनं वेळा लिहिल्या होत्या, साडेचारपासून सहापर्यंत. वर्गात सगळ्यात गरीब स्वभावाच्या मुलीला चाकू मारणारा आला होता. तिनं लिहिलं होतं, 'मी चाकू फक्त दाखवायला आणला होता. दाखवला की तो मागे जाईल असं सगळे म्हणाले होते. तो मागे गेला नाही. आता माझ्यामागे सगळे उभे होते, म्हणून मलाही मागे जाता येईना.' एका औषधवाल्यानं लिहिलं होतं, 'मी शटर ओढलं. बाहेर आवाज येत होते. मी खोकी नीट रचत बसलो. ती आधीच नीट होती.' आणि एका शिंपिणीनं, 'मी मशीन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर खाली कळलं असतं की वर कुणीतरी आहे.'

मुलं वाचत होती, आणि हळूहळू त्यांचं बोलणं कमी होत गेलं. हसणंही थांबलं. बाईंना हा क्षण ओळखीचा होता. दर वर्षी तो येई, आणि दर वर्षी त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत, कारण त्या वेळी मुलांच्या तोंडाकडे बघणं त्यांना जमत नसे.

चार आया होत्या. तिघांनी दोन-दोन पानं भरली होती. साडेचार वाजता मुलगा घरात पडून होता, मग तो गेला, मग बातमी आली, मग रडणं, ऊर बडवणं, शाप. त्यांचे कागद साडेचारच्या खुणेवर लागले. चौथा कागद बारक्याचा.

"वेळ टाकली नाहीस," बाई म्हणाल्या.

"तिला वेळ माहीत नाही."

बाईंनी कागद हातात घेतला. त्यावर एकच ओळ होती. 'मी स्वयंपाकघरात आहे. मला अजून काही माहीत नाही.'

"एवढंच?" शेजारून पैलवान म्हणाला. "काय रे, तासभरात एक ओळ."

"तिथून एवढंच दिसतं," बारक्या म्हणाला.

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. सहा वर्षांत आईचे चोवीस कागद त्यांनी वाचले होते. सगळे रडके, सगळे खोटे, आणि त्या सगळ्यांना त्यांनी बरे गुण दिले होते. नियम पाळणारा हा पहिला. त्यांनी तो कागद दोरीच्या अगदी शेवटी, भिंतीजवळ अडकवला.

मुलं जागेवर बसायला लागली. टाचणी तेवढी दोरीखाली उभी राहिली. टाचणी ही सडपातळ, टोकदार आणि जिथे जाईल तिथे टोचणारी मुलगी. बारक्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. तिचा भाऊ बारक्याच्या भावाचा जिवलग दोस्त. ती मान वर करून दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती.

"बाई, इथे जागा रिकामी आहे."

"कुठे?"

"इथे." तिनं दोरीच्या एका उघड्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "साडेचारला तो घरात पडलाय, तीन आयांनी लिहिलंय. आणि पाचला तो पंक्चरच्या दुकानापाशी. मधे काहीच नाही. तो तिकडे गेला कशाला?"

बाईंनी फळ्याकडे बघितलं. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात पहिलं वाक्य होतं, पाच वाजता तो पंक्चरच्या दुकानापाशी आला. सहा वर्षं मुलांनी ते वाक्य मुकाट्यानं मान्य केलं होतं. फळ्यावर लिहिलेलं मुलं मान्य करतात, त्याच्यावरच तर शाळा चालतात.

"ते आपल्या गोष्टीत येत नाही," बाई म्हणाल्या. "आपली गोष्ट पाचला सुरू होते."

"पण त्याला कुणीतरी बोलावलं असणार ना?"

"असेल. बस खाली."

टाचणी बसली नाही. "निरोप आला असणार. मग निरोप आणणाऱ्याची चिठ्ठी का नाही?"

"कारण त्यानं काही केलेलं नाही," बाई जरा तुटकपणे म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

"तेच विचारतेय, बाई." टाचणीचा आवाज खाली आला. "निरोप नेणारा नुसता निरोप नेतो. त्याचा काही दोष नसतो, हो ना?"

हे विचारताना ती दोरीकडे बघत नव्हती. ती शेवटच्या बाकाकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात खिशात मूठ करून होता. दुपारच्या सुट्टीत ती दोनदा बारक्याच्या बाकापर्यंत जाऊन परत आली होती. बाईंनी ते पाहिलं होतं आणि मनात हसल्याही होत्या. वयच तसं, असं त्यांना वाटलं होतं. आता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्यांनी वर बघितलं.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळा पाचला सुटणार होती.

बाईंना दोन गोष्टी करता आल्या असत्या. टाचणीला बाहेर नेऊन दरडावून विचारता आलं असतं. ती बोलली नसती. दरडावलेली मुलं बोलत नाहीत, हे बाईच सगळ्यांना सांगत फिरायच्या. दुसरी गोष्ट त्यांनी अठ्ठावीस वर्षांत केली नव्हती. आईपाशीसुद्धा नाही. आई गेली तेव्हा बाई उशाशी बसून होत्या, खोलीत दोघीच होत्या, आणि तरीही नाही.

त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत, तिच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"ती चिठ्ठी मी डब्यात कधी घातलीच नाही," त्या म्हणाल्या. "कारण तो माणूस मी आहे."

कुणाला काही कळलं नाही.

"ही गोष्ट मी रचलेली नाही. तो मुलगा माझा दादा. तो सतरा वर्षांचा होता आणि मी चौदा. तुमच्याएवढी. आईनं मला दोऱ्याचं रीळ आणायला पाठवलं होतं. कोपऱ्यावर चार मुलं उभी होती, त्यांचं आणि दादाचं आधी मैदानावर वाजलं होतं. त्यातला एक मला म्हणाला, दादाला सांग, पाचला पंक्चरवाल्यापाशी ये, बोलायचंय. एवढंच. 'बोलायचंय' म्हणाला. मी घरी आले. दादा पडला होता. मी निरोप सांगितला. तो म्हणाला, जाऊ दे, मला नाही जायचं. आणि कुशीवर वळला."

बाई थांबल्या. खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली, आणि दोन-तीन मुलं दचकली.

"मला गोष्टी सांगायची फार हौस होती. घरी सगळे कौतुक करायचे, काय रंगवून सांगते म्हणायचे. आणि माझा दादा कुणाला भीत नाही, असं मी मैत्रिणींत मिरवायचे. तो कुशीवर वळला ते मला आवडलं नाही. म्हणून मी म्हटलं, ते म्हणाले, तुझा दादा येणारच नाही, घाबरट आहे तो." बाईंचा हात खुर्चीवर घट्ट झाला. "असं ते म्हणाले नव्हते. ते वाक्य माझं होतं. माझ्या पदरचं."

"मग?" कुणीतरी अगदी हळू विचारलं.

"मग तो उठला. दारात त्याची एक चपल उलटी पडली होती. ती त्यानं पायानंच सुलटी केली आणि घातली. मी स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसले. आईनं विचारलं, कुठे गेला गं तो? मी म्हटलं, माहीत नाही."

वर्गात कुणीही मान वर करेना. पैलवान आपल्या कागदाकडे, त्या पायांच्या गोष्टीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. बाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आत्ता थांबून चालणार नव्हतं.

"चाकू माझ्या हातात नव्हता," त्या टाचणीकडे बघून म्हणाल्या. "पोलिसांनी मला कधी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. तू आज पहिल्यांदा विचारलंस. निरोप नेणाऱ्याचा दोष असतो की नाही, हे मी तुला सांगू शकत नाही. मी एवढंच सांगते, की ती दोरीवरची जागा माझी आहे, आणि मी रोज तिथेच उभी असते."

टाचणी बाकापाशी गेली. वहीचं पान फाडलं, उभ्यानंच काहीतरी लिहिलं. लिहिताना तिनं एकदा डोळे पुसले, तेही रागानं, माशी हाकलावी तसे. मग तिनं चिमटा घेतला आणि साडेचार आणि पाच यांच्या मधल्या मोकळ्या जागी तो कागद लावला.

जागेवरून तो कुणाला वाचता येईना. उठायचं धाडसही कुणाला होईना. शेवटी शेवटच्या बाकावरून बारक्या उठला. चालत दोरीपाशी आला. त्याला मान वर करावी लागली नाही, कागद त्याच्या डोळ्यांसमोरच होता.

'मी निरोप घेऊन आलेय. अजून सांगितलेला नाही.'

त्यानं तो दोनदा वाचला असावा. मग टाचणीकडे वळला.

"दादाच्या दोस्तांनी पाठवलंय?"

ती काही बोलली नाही.

"दादाला चाकू मारणारा सापडला?"

तरीही नाही.

"कुठे बोलावलंय ते सांग."

"नाही सांगणार," टाचणी म्हणाली. ती जागची हलली नाही.

"सांग म्हणतोय ना."

"तू कितीही वेळा विचार."

बाई दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या. अडवायचं तर कसं? तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता. दार उघडं होतं. तो बाहेर पडून फाटकाशी गेला असता तर दोस्तांपैकी कुणी ना कुणी रस्त्यात भेटलाच असता. निरोप काही एका टाचणीच्या हाती अडत नाही. आणि सगळा वर्ग बघत होता. एवढ्या जणांसमोर पंधरा वर्षांच्या मुलाला मागे फिरणं किती कठीण असतं, ते त्या गरीब मुलीच्या कागदावर लिहिलेलंच होतं, त्याच्या डाव्या खांद्याशी.

बारक्यानं दाराकडे बघितलं. मग तो दोरीच्या कडेनं चालत भिंतीपर्यंत गेला, आपल्या कागदापाशी. तिथे तो आपली ओळ वाचत उभा राहिला. त्याची पाठ वर्गाकडे होती.

"बाई," तो तसाच म्हणाला. "हिला अजून काही माहीत नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून नाही."

"मग मला घरी सोडाल?"

एवढा दांडगा मुलगा, दाराच्या चौकटीत न मावणारा, आणि बालवाडीतल्या पोरासारखं घरी सोडायला सांगत होता. वर्गात एकजण तरी हसेल असं बाईंना वाटलं. कुणी हसलं नाही. पैलवान उठला आणि त्यानं बारक्याचं दप्तर आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं.

पुढचं सगळं घाईघाईत झालं. टाचणीनं जागा बाईंच्या कानात सांगितली, साडेपाच, जुन्या गोदामाच्या मागे, आणि भावाचं नाव मात्र कुणाला सांगू नका म्हणाली. बाईंनी मोठ्या बाईंना गाठलं, मोठ्या बाईंनी चौकीला फोन लावला. नावं त्यांनी घेतली नाहीत, फक्त जागा आणि वेळ सांगितली, आणि गाडी वेळेआधीच, दिसेल अशी उभी करा म्हणाल्या. गोदामामागे पोलिसांची गाडी उभी राहिली आणि जमायला आलेली पोरं आल्या पावली पांगली, हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र कुणालाच खात्री नव्हती.

पाचची घंटा व्हायच्या आधीच तिघं मागच्या फाटकानं बाहेर पडली. बाई मधे, एका बाजूला बारक्या, दुसऱ्या बाजूला टाचणी. लांबून कुणी बघितलं असतं तर शिक्षा झालेली दोन मुलं बाई घरी पोचवायला निघाल्यात असंच वाटलं असतं. रस्त्यावर एका दुकानापाशी दोन मुलं गाडीवर बसलेली होती. त्यांनी बारक्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि मान फिरवली. बारक्याचा श्वास बाईंना ऐकू येत होता.

"माझा दादा आता माझ्याशी बोलणार नाही," टाचणी म्हणाली. "कळेलच त्याला."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या. पदरचा दिलासा त्यांच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला. "महिनाभर नाही बोलणार. कदाचित वर्षभर. पण जेवायला समोर बसेल. न बोलता का होईना, तुझ्यासमोर बसून जेवेल."

टाचणीनं त्यांच्याकडे बघितलं. थोडं पुढे गेल्यावर तिनं बाईंची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

इमारतीचा जिना अरुंद होता, एकामागून एक चढावं लागलं. दुसऱ्या मजल्यावर बारक्याच्या घराचं दार उघडंच होतं. आत गॅसचा आवाज येत होता आणि फोडणीचा वास. दारात चपला काढलेल्या होत्या, त्यातली एक उलटी. बाई तिच्याकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. मग वाकल्या आणि हातानं ती सुलटी केली.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या एका हातात डब्याचं झाकण होतं. तिनं आधी मुलाला बघितलं, मग त्याच्यामागे उभ्या बाईंना, आणि झाकण हातातून सुटून फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. आठ दिवसांपूर्वीही असंच कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं असणार.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही, आई," बारक्या म्हणाला. "काही नाही झालं."

तिचा विश्वास बसला नाही. मुलं काय सांगतात ते आयांना माहीत असतं. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि बाईंना ती नजर ओळखीची वाटली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका स्वयंपाकघरात हीच नजर त्यांच्यावर रोखलेली होती, आणि त्यांनी खाली बघितलं होतं. आज त्यांनी खाली बघितलं नाही.

"काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यात पदरचं काही नव्हतं.